द्राक्षमळ्यातील मजुरीचा वाद

प्रश्न : आम्ही काही मित्रमैत्रिणी आठवड्यातून एकदा जमून मत्तयकृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एक, वाचतो. आमच्यापैकी दोघे ख्रिस्ती आहेत, बाकीचे कुतूहलापोटी येतात. विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावर मात्र आमचे एकमत होईना. पहाटे आलेल्याला आणि दिवस मावळायच्या सुमारास आलेल्याला सारखीच मजुरी देणारा मालक न्यायी कसा, असे स्वतःचा व्यवसाय असलेला एक मित्र विचारतो. अशाने दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर कोणी फिरकणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या मते ही गोष्ट देवाच्या कृपेविषयी असून तिचा मजुरीशी संबंध नाही. आणखी एकाला तीत आजच्या बेरोजगारीचे चित्र दिसते. यांपैकी कोणता अर्थ धरावा?

उत्तर : तिघांच्याही म्हणण्याला मजकुरात काही ना काही आधार आहे. मात्र अर्थ ठरवण्याआधी येशू ही गोष्ट कोणाला आणि कशाच्या उत्तरादाखल सांगतो आहे, हे पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी एक पान मागे जावे लागते. एकोणिसाव्या अध्यायाच्या अखेरीस येशूचा शिष्य पेत्र विचारतो की, आम्ही सर्व काही सोडून आपल्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? येशू त्याला मोठे आश्वासन देतो, पण पहिले असलेले पुष्कळ जण शेवटचे होतील आणि शेवटचे पहिले होतील, असेही त्याला सांगतो आणि लगोलग द्राक्षमळ्याची गोष्ट सुरू करतो. गोष्ट संपल्यावर थोड्याच ओळींत येशूच्या दोन शिष्यांची, म्हणजे जब्दीच्या मुलांची, आई येते आणि आपल्या एका मुलाला येशूच्या उजवीकडे व दुसऱ्याला डावीकडे बसायला मिळावे, अशी विनंती करते. मानाच्या जागेविषयीच्या या दोन बोलण्यांच्या मधोमध हा दृष्टांत येतो. चार शुभवर्तमानांपैकी तो फक्त मत्तयात आहे, त्यामुळे ही जागा लेखकाने जाणूनबुजून निवडली असावी, असे मला वाटते.

आता गोष्टीतला व्यवहार पाहू. मालक पहाटे बाजारात जातो, एका दिनारावर मजूर ठरवतो आणि त्यांना मळ्यात पाठवतो. दिनार हे रोमन चांदीचे नाणे म्हणजे साध्या मजुराची दिवसभराची मजुरी होती. पुढे सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी बाराला आणि तीनला तो पुन्हा बाजारात जातो आणि जे योग्य असेल ते देईन, एवढ्याच बोलीवर आणखी माणसे नेतो. शेवटी पाचच्या सुमारास, सूर्यास्ताला तासभर उरलेला असताना, त्याला अजूनही काही जण उभे असलेले दिसतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो तेव्हा ते म्हणतात, ‘आम्हाला कोणी कामावर घेतले नाही.’ आपल्या तिसऱ्या मित्राचा आधार हे वाक्य आहे, आणि तो भक्कम आहे. ही माणसे आळशी होती, असे मजकूर कुठेही म्हणत नाही, तरीही अनेक प्रवचनांत त्यांना उशिरा जागे झालेले ठरवले जाते. दिवसभर बाजारात उभे राहूनही काम न मिळालेल्या माणसाच्या घरी खाणारी तोंडे तेवढीच असतात, आणि दिनाराचा बारावा हिस्सा घेऊन तो घरी गेला तर त्या रात्री सगळ्यांना पुरेल एवढे अन्न त्याला आणता येणार नाही.

संध्याकाळचा प्रसंग तर सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचण्यासारखा आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी दिली पाहिजे, असा नियम जुन्या करारातील, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातील, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे, आणि मालक तो पाळतो. पण मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करावी, असे तो कारभाऱ्याला बजावतो. क्रम उलटा असता, तर पहाटेचे मजूर ठरलेला दिनार घेऊन समाधानाने घरी गेले असते आणि वाद झालाच नसता. दुसऱ्यांच्या हातावर पूर्ण दिनार पडताना त्यांनी पाहिला, आपल्याला जास्त मिळेल असे गृहीत धरले, आणि तेवढाच मिळाल्यावर कुरकुर केली. त्यांची तक्रारही नीट ऐकण्यासारखी आहे. आम्हाला कमी मिळाले, असे ते म्हणत नाहीत. आम्ही दिवसभराचे कष्ट आणि ऊन सोसले असताना तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले, असे ते म्हणतात. दुखते ते त्या बरोबरीमुळे. मालकही त्यातल्या एकाला मित्र म्हणून हाक मारतो, ठरलेला करार मी पाळला आहे, याची आठवण देतो आणि विचारतो की, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलते आहे का? त्या मजुराचे उत्तर आपल्याला ऐकू येत नाही.

म्हणून आपल्या ख्रिस्ती मैत्रिणीला मी असे सांगेन की, कृपेचा अर्थ निःसंशय खरा आहे, कारण स्वर्गाचे राज्य अशा मालकासारखे आहे, या शब्दांनीच गोष्ट सुरू होते; पण कृपा समजावून सांगताना येशूने बाजार, भूक आणि मजुरी हीच उदाहरणे घेतली, ती बाजूला सारून नुसती कृपा उरवता येणार नाही. व्यावसायिक मित्राची शंका प्रामाणिक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल, याविषयी दृष्टांत काहीच सांगत नाही. ती एका दिवसाची गोष्ट आहे, वेतनाचा कायदा नव्हे. तरी एक गोष्ट त्याने लक्षात घ्यावी. माझ्या पैशाचे मला हवे ते करण्याचा अधिकार मला आहे, हे मालकाचे वाक्य लहरीपणाच्या समर्थनासाठी पुष्कळदा वापरले जाते. पण या मालकाने कोणाच्याही ठरलेल्या मजुरीतून एक कवडीही कापलेली नाही, आणि तो अधिकार त्याने फक्त अधिक देण्यासाठी वापरला आहे.

या गोष्टीतून आर्थिक विचारही निघाला, याचे मोठे उदाहरण इतिहासात आहे. इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी 1860 मध्ये अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले आणि पुढे पुस्तक करताना त्याचे ‘अन्टू धिस लास्ट’ (‘या शेवटच्यालाही’) हे नाव मालकाच्या याच उत्तरातून घेतले. 1904 मध्ये दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या प्रवासात गांधीजींनी ते वाचले आणि त्यानंतर फीनिक्सच्या वसाहतीत राहणीमानाचा आणि मजुरीचा नवा प्रयोग सुरू केला. 1908 मध्ये त्यांनी त्या पुस्तकाचा सारांश गुजरातीत ‘सर्वोदय’ या नावाने प्रसिद्ध केला. त्यामुळे आधुनिक अर्थ शोधणारे तुम्ही पहिले नाही.

मला तुमच्या गटाला विचारावेसे वाटते ते वेगळेच आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाने वाचताना स्वतःला कोणत्या रांगेत उभे केले होते? आपल्यातले बहुतेक जण नकळत पहाटेच्या मजुरांत जाऊन उभे राहतो आणि तिथूनच न्याय मोजतो. पाच वाजेपर्यंत बाजारात उभा असलेला माणूस हीच गोष्ट कशी ऐकेल, हा विचार करून एकदा पुन्हा वाचावे. मला तरी आजचा अर्थ तिथून अधिक स्पष्ट दिसतो.

प्रश्न : आमच्यात धर्मशास्त्र शिकलेले कोणीही नाही. अशा मंडळींनी गप्पांच्या ओघात शुभवर्तमानाचा अर्थ लावणे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे. अर्थ एकच आणि ठरलेला असता, तर जाणकारांनी तरी इतके वेगवेगळे अर्थ का लावले असते? दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित इरेनेयसने मालकाच्या पाच फेऱ्यांत मानवी इतिहासाचे पाच कालखंड पाहिले; तिसऱ्या शतकातील ओरिजेनने त्यांत माणसाच्या वयाच्या अवस्थाही पाहिल्या, म्हणजे कोणी बालपणी देवाकडे वळतो, तर कोणी म्हातारपणी. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरच्या उपासनेत ख्रिसोस्तोम या प्राचीन धर्मोपदेशकाच्या नावाने चालत आलेले एक प्रवचन वाचले जाते. त्यात शेवटच्या तासाला आलेल्यांनाही न भिता मेजवानीत येण्याचे आमंत्रण आहे.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. पहाटेचे मजूर म्हणजे यहुदी आणि शेवटचे म्हणजे ख्रिस्ती, असा अर्थ शतकानुशतके सांगितला गेला आणि त्यातून यहुद्यांविषयीच्या तिरस्काराला खतपाणी मिळाले. येशू, पेत्र आणि ही गोष्ट ऐकणारे शिष्य सगळे यहुदीच होते. इथला बोल शिष्यांना आहे. यरुशलेमी तालमुद या यहुदी धर्मग्रंथातही अशाच वळणाची एक कथा आहे. अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारलेल्या एका रब्बीला, म्हणजे यहुदी धर्मगुरूला, श्रद्धांजली वाहताना सांगितलेल्या त्या कथेत दोन तास काम केलेल्या मजुराला राजा पूर्ण मजुरी देतो, कारण इतरांनी दिवसभरात केले नाही एवढे काम त्याने दोन तासांत केलेले असते. तिथला राजा कर्तृत्वाचे कारण देतो, मत्तयातला मालक देत नाही. पण ती कथा तरुण विद्वानाच्या अकाली मृत्यूने हळहळणाऱ्यांच्या सांत्वनासाठी सांगितली आहे; तेव्हा एवढ्या फरकावरून एका धर्माला हिशेबी आणि दुसऱ्याला दयाळू ठरवणे अन्यायाचे होईल.

तुमच्या बैठकीत ख्रिस्ती मित्रांवर प्रत्येक वचनाचा बचाव करण्याची वेळ आणू नये, आणि इतरांकडून श्रद्धेची अपेक्षा धरू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

प्रश्न : याच दृष्टांताच्या शेवटी आमच्या एका प्रतीत ‘बोलावलेले पुष्कळ आहेत, पण निवडलेले थोडे आहेत’ असे वाक्य आहे, दुसऱ्या प्रतीत ते नाही. कोणती प्रत बरोबर?

उत्तर : चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत विसाव्या अध्यायात हे वाक्य नाही. ते मूळचे बाविसाव्या अध्यायातील लग्नाच्या मेजवानीच्या दृष्टांताच्या शेवटी येते, आणि नक्कल करणाऱ्या एखाद्या लेखनिकाने ते इथेही जोडले असावे, असे अभ्यासक मानतात. नंतरच्या काळातील बहुसंख्य हस्तलिखितांत ते असल्यामुळे त्यांच्यावर आधारलेल्या भाषांतरांतही ते आले. चर्चेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही, कारण द्राक्षमळ्याच्या गोष्टीत बोलावलेल्यांपैकी कोणालाही रिकाम्या हाताने परत पाठवलेले नाही.