दुसऱ्या डोसच्या आधी रिॲक्शन कागदावर आणा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी अमेरिकेच्या आर्मीत आहे, कोरियाला जायचे आदेश आलेत. अँथ्रॅक्सच्या (जैविक हल्ल्यात वापरता येणाऱ्या जीवघेण्या जंतूच्या) लसीच्या पहिल्या डोसनंतर दंड कोपरापर्यंत सुजला, ताप भरला, दोन दिवस ती ड्यूटीवर जाऊ शकली नाही. आता दुसरा डोस आठवड्यावर आलाय आणि सार्जंट म्हणतो, "सगळ्यांनाच होतं, घेऊन टाक." तिने नकार द्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी त्याच आर्मीत नर्स होते आणि बरीच वर्षं लसीकरणाच्या खोलीत काढली. माझं म्हणणं, तिने थेट नकार देऊ नये. हुकूम मोडला की विषय लसीचा राहत नाही, शिस्तीचा होतो. लष्करी कायद्याचं कलम 92, म्हणजे हुकूम न पाळण्याचा गुन्हा, पुढे येतं आणि सुजलेल्या दंडाची चौकशी करायला मग कोणाला वेळ नसतो. तिने मागायची आहे ती वैद्यकीय सूट. ती देणं न देणं सार्जंटच्या हातात नाही, कमांडरच्याही नाही. ते डॉक्टर किंवा अधिकृत वैद्यकीय अधिकारी ठरवतो. पहिल्या डोसला मोठी रिॲक्शन आली असेल तर तपासणी होईपर्यंत तात्पुरती सूट देऊन पुढचा डोस थांबवता येतो. डिफेन्स हेल्थ एजन्सीकडे, म्हणजे लष्कराच्या आरोग्यसेवेकडे, याच कामासाठी लसतज्ज्ञ आहेत. "माझी केस त्यांच्याकडे पाठवा" असं तिने स्पष्ट शब्दांत म्हणावं.

पण यासाठी आधी नोंद हवी, आणि गाडी अडते ती इथेच.

1999 मधली गोष्ट. एक तरुण सैनिक तिसऱ्या डोसला रांगेत उभा होता. बाही वर केली तर दंडावर आधीच्या डोसची सुपारीएवढी कडक गाठ. पिवळ्या शॉट कार्डावर, म्हणजे लसींच्या नोंदीच्या कार्डावर, तारीख, लॉट नंबर (लसीच्या साठ्याचा क्रमांक), सही, सगळं होतं. रिॲक्शनबद्दल एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही." त्या दिवशी मी गाठीभोवती पेनने रेघ ओढली, मोजपट्टी धरून फोटो काढला आणि फाइलला लावला. आमच्या वरिष्ठांना ते आवडलं नाही, रांग खोळंबली म्हणून. मला आजही वाटतं की तेवढी रांग खोळंबायलाच हवी होती.

तुमच्या मुलीची बाजू तर भक्कम आहे. लस घेतल्यावर 24 तास किंवा जास्त ड्यूटी बुडाली तर ते व्हेअर्सला (लसींनंतरच्या त्रासाची सरकारी नोंदवही) कळवलंच पाहिजे, असं लष्कराचा स्वतःचा नियम सांगतो. तिचे दोन दिवस बुडालेत. क्लिनिकने कळवलं नसेल तर तिने स्वतः कळवावं. व्हेअर्सवर कोणीही नोंद करू शकतं, आईसुद्धा. नोंद झाली म्हणजे लसीमुळेच झालं हे सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवा. पण नोंदच नसेल तर तपासायला काही उरतच नाही.

तिची भीती मला समजते. 1997 च्या डिसेंबरात संरक्षणमंत्री कोहेन यांनी सगळ्या सैनिकांना ही लस देण्याचं जाहीर केलं, 1998 मध्ये सुया सुरू झाल्या, आणि कित्येकांनी नकार देऊन नोकरी गमावली. डिसेंबर 2003 मध्ये न्यायाधीश सलिव्हन यांनी सक्ती थांबवली, कारण श्वासातून होणाऱ्या अँथ्रॅक्ससाठी एफडीएने, म्हणजे औषधं-लसींना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, लसीवर रीतसर निर्णय दिलाच नव्हता. एफडीएने घाईने निर्णय दिला, तरी 2004 मध्ये कोर्टाने पुन्हा थांबवली. जोखमीच्या भागांत जाणाऱ्यांसाठी सक्ती परत आली ती 2006 नंतर. एवढं झाल्यावर माणसं संशय घेणारच.

तरीही मी लसीच्या बाजूची आहे, आणि तेही नोंदींमुळेच. या लसीने दंड सुजणं, लाल होणं, गाठ येणं हे स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त होतं, ते नोंदींतूनच कळलं. आधी ही सुई त्वचेखाली देत. स्नायूत दिली तर दंडावरचा त्रास कमी होतो हे सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या चाचणीत दिसलं आणि 2008 मध्ये पद्धत बदलली. देवीच्या लसीचं तसंच. 2003 मध्ये पहिल्यांदा ती लस घेतलेल्या 2,30,734 सैनिकांत हृदयाच्या सुजेचे 18 रुग्ण मोजले गेले, कारण छातीत दुखतंय हे त्यांनी सांगितलं आणि कोणीतरी लिहून घेतलं. 2021 मध्ये कोविडच्या एमआरएनए लसीच्या 28 लाख डोसमागे लष्करी डॉक्टरांना असेच 23 रुग्ण सापडले, सगळे पुरुष, बहुतेक दुसऱ्या डोसनंतरचे. आकडे छोटे आहेत. पण त्या 23 जणांपैकी एखाद्याला "सगळ्यांनाच होतं" म्हणून परत पाठवलं असतं तर?

म्हणून दंडाच्या सुजेपलीकडे काही झालं, म्हणजे छातीत दुखणं, धाप लागणं, चेहरा किंवा ओठ सुजणं, हातापायातली ताकद जाणं, तर सिक कॉलची (आजारी सैनिकांच्या रोजच्या तपासणीच्या वेळेची) वाट बघायची नाही. सरळ इमर्जन्सीत जायचं.

भरपाईचं थोडक्यात सांगते. सुप्रीम कोर्टाच्या फेरेस निकालामुळे (1950) सैनिकाला सेवेतल्या इजेसाठी सरकारवर कोर्टात दावा लावता येत नाही. मात्र त्रास टिकला तर पुढे व्हीएकडे (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे) अपंगत्व भत्ता मागता येतो, आणि तिथे सेवेतल्या वैद्यकीय फाइलमधली नोंद फार उपयोगी पडते. अँथ्रॅक्ससाठी वेगळी भरपाई योजनाही आहे, सीआयसीपी. तिथे अर्जाची मुदत लस घेतल्यापासून एक वर्ष. फ्लू, धनुर्वात अशा नेहमीच्या लसींची योजना वेगळी, तिथे पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं मिळतात. माणसं या दोन्हींत गल्लत करतात आणि वर्ष निघून जातं.

या आठवड्यात तिने क्लिनिकमध्ये जाऊन लसीची तारीख, लॉट नंबर आणि ड्यूटी बुडाल्याचा कागद मागून घ्यावा, आणि रिॲक्शन फाइलमध्ये चढवून घ्यावी. सूज आता उतरली असेल. तिने त्या रात्री तुम्हाला फोनवर दंडाचा फोटो पाठवला होता, असं तुम्ही लिहिलंय. तो पुसू नका, त्यावर तारीख आहे. तो तसाच तिला परत पाठवा.