निवतीसमोरचा तो देवमासा कोण?

प्रश्न : मी वेंगुर्ल्याची. आमचे हे निवतीसमोर गळाने मासे मारत असताना होडीच्या बाजूलाच काळपट करडा, होडीपेक्षा लांब देवमासा वर आला. फवारा सोडून बुडाला आणि थोड्या अंतरावर पुन्हा दिसला. डोक्यावर लांब रेघा होत्या म्हणतात. गावात कुणी ब्लू व्हेल म्हणतं, कुणी शार्क. नक्की कोण? होडीला धोका असतो का? आणि त्याच्या उलटीचे कोटी रुपये मिळतात, हे खरं का?

उत्तर : ताई, रेघांचं आवर्जून लिहिलंत हे फार बरं केलंत. मिस्टरांना एवढंच विचारा, रेघा तीन होत्या का? तीन असतील तर तो ब्रायडीज व्हेल. ब्लू व्हेलसारख्या त्याच्या भाऊबंदांच्या डोक्यावर मधला एकच कणा असतो. याच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक उंचवटा असतो. मालवणजवळ वाहून आलेल्या एका मेलेल्या मादीच्या डोक्यावरून मी हात फिरवला आहे. कातडी सोलपटली होती, तरी तिन्ही कणे बोटांना स्पष्ट लागत होते. तोंडात दात नव्हते. वरच्या जबड्याला करड्या पट्ट्यांची झालर होती आणि तिच्या आतल्या कडेला काथ्यासारखे राठ केस. पाण्याबरोबर मासळीचा थवा तोंडात घ्यायचा, पाणी झालरीतून बाहेर ढकलायचं आणि राहिलेली मासळी गिळायची, अशी याची जेवणाची रीत.

शार्क तर तो नव्हेच. शार्क कल्ल्यांनी श्वास घेतो, फवारा सोडत नाही. ब्लू व्हेलचा पाठीवरचा पर अगदी बारका आणि शेपटीकडे असतो. याचा चांगला उंच, मागे वळलेला दिसतो. किनाऱ्यालगत वावरणारे ब्रायडीज व्हेल साधारण ३५ ते ४० फुटांचे असतात.

मला याच्याबद्दल सर्वांत जिव्हाळा वाटतो तो एका गोष्टीमुळे. बरेच मोठे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात चरायला जातात. हा जात नाही. उष्ण पाण्यातच जन्मतो, वाढतो, पिल्लं वाढवतो. तारली, बांगडा अशी जी मासळी तुमच्या जाळ्यात येते, तीच हा खातो. थायलंडच्या आखातात तर तो डोकं पाण्याबाहेर काढून, जबडा उघडा ठेवून उभा राहतो आणि मासळी आपोआप आत येईपर्यंत थांबतो. शास्त्रज्ञांनी २०१७ साली हे नोंदवलं.

शास्त्राला तो कळला तोही आपल्याच बाजूच्या समुद्रातून. १८७१ साली ब्रह्मदेशात, मार्ताबानच्या आखाताजवळ एक देवमासा खाडीत अडकून मेला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी त्याचं वर्णन लिहिलं. एवढी जुनी ओळख असूनही आपल्या किनाऱ्यावर मेलेला कुठलाही मोठा देवमासा बातमीत सर्रास ‘ब्लू व्हेल’ होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चुकीच्या नावाखाली नोंद गेली, की या प्राण्याचा हिशेबच लागत नाही.

धोक्याचं म्हणाल तर तो होडीवर चाल करून येत नाही. तो जवळ आला तर इंजिन न्यूट्रलला टाकावं, त्याच्या पुढ्यातून होडी घालू नये, पाठलाग तर मुळीच करू नये. सोबत पिल्लू असेल तर लांबच राहावं. जाळ्यात अडकलाच तर जाळं कापून सोडावं. संरक्षित प्राण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकारची २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. त्यासाठी सोडवतानाचे फोटो काढून ठेवावेत.

उलटीचा आणि याचा काही संबंध नाही. ती खोल पाण्यातल्या स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते आणि भारतात तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे. किनाऱ्यावर तसं काही सापडलं तर वन विभागाला कळवा.

आता एक काम कराच. मिस्टरांना तारीख, वेळ, किती वाव खोल पाणी होतं आणि त्या दिवशी कुठली मासळी लागत होती, हे आठवेल तेवढं वहीत लिहायला सांगा. पुन्हा दिसला तर पाठीवरच्या पराचा बाजूने फोटो घ्या. पराच्या कडेला खाचा, ओरखडे असतात. त्यांवरून तोच प्राणी पुढच्या वर्षीही ओळखता येतो.