फ्रेंच चित्रकार अँग्रच्या चित्रातल्या निळ्या पोशाखातल्या प्रिन्सेसच्या खुर्चीवर शाल आणि हातमोजे का ठेवलेत?

प्रिन्सेस द ब्रॉय संध्याकाळच्या समारंभाला निघायच्या बेतात आहे, एवढंच ती शाल, लांब हातमोजे आणि पंखा सांगतात. १८५१ ते १८५३ दरम्यान रंगवलेलं हे तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. घराणं कळतं ते मागच्या भिंतीवरच्या कुलचिन्हावरून, पण खरी ऐपत दिसते निळ्या साटीनमध्ये. चुण्यांच्या कडा पांढऱ्या चमकतात, खोलगट भाग गडद निळा, आणि ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही. चेहऱ्यावरच्या उदासीचा अर्थ मात्र जपून लावा. ती १८६० मध्ये क्षयाने गेली हे आधीच ठाऊक असलं की आजारपण दिसायला लागतं. असा शांत, गुळगुळीत चेहरा अँग्रने इतर बायकांनाही दिलाय.