आधी ‘झालं’चा अर्थ लिही

प्रिय,

तुझ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या प्लॅनची फाइल उघडली. २८० ओळी, सात रंग आणि तळाशी लाल चौकटीत गो-लाइव्हची, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष वापरात येण्याची, तारीख. सोबतचा मेलही वाचला, रात्री १ वाजून ४० मिनिटांनी पाठवलेला. क्लायंटला सोमवारी गँट चार्ट (कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपणार, याचा पट्ट्यांचा तक्ता) हवाय, तुझा मॅनेजर म्हणतो ‘आपण अजाइलवाले, आपल्याला प्लॅन कशाला’, आणि या दोघांच्या मध्ये सापडून तू मला विचारतोस, ‘मॅडम, वॉटरफॉल धरू की स्क्रम?’ म्हणजे सगळं आधी ठरवून एकेक पायरी उतरत जाऊ, की अजाइलवाल्यांसारखं छोट्या टप्प्यांत, स्प्रिंटमध्ये, करत आणि सुधारत जाऊ.

काहीही धर. तुझी अडचण तिथे नाहीच.

धीर देत बसत नाही. तुला काम येतं, म्हणून तर ते तुझ्या गळ्यात पडलंय. पण या २८० ओळींत असं एक तरी वाक्य दाखव, जे वाचून टीममधल्या कुणालाही कळेल की हा प्रोजेक्ट संपला. मी दोनदा वरून खाली गेले. ‘मॉड्यूल डेव्हलपमेंट’, ‘इंटिग्रेशन’, ‘टेस्टिंग’, ‘युझर ट्रेनिंग’. ही कामांची नावं झाली. काम झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आधी ‘झालं’चा अर्थ लिही. चार्ट, स्प्रिंट, रंग, सगळं त्यानंतर.

तुझ्याच प्रोजेक्टवर करून दाखवते. गोदामांच्या साठ्याची सिस्टीम आहे ना? तर एक वाक्य असं होईल: ‘गोदामातला माणूस जुनी एक्सेल शीट न उघडता दिवसभराची आवक-जावक नोंदवतो, आणि संध्याकाळी सिस्टीममधला साठा प्रत्यक्ष मोजलेल्या साठ्याशी जुळतो.’ साधं वाक्य आहे. आता त्याला प्रश्न विचारायला लाग. जुळतो म्हणजे सुरुवातीचा साठा बरोबर भरलेला हवा. तो कोण मोजणार? तुझी टीम नाही, क्लायंटची माणसं. त्यांना हे कुणी सांगितलंय? मोजणी चालू असताना माल आत-बाहेर होत राहिला तर? गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात नेटवर्क पोचतं का? स्कॅनर तुम्ही आणणार की ते? फरक निघाला तर कोणता आकडा खरा, हे ठरवायचा अधिकार कुणाचा?

यातली एकही गोष्ट तुझ्या २८० ओळींत नाही. एका वाक्यातून सहा कामं निघाली, आणि त्यातलं एकही प्रोग्रॅमिंगचं नाही. डब्ल्यूबीएस, डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, कामाची फोड) म्हणून कोर्समध्ये जे शिकवतात ते याच्यासाठी. प्रोजेक्टच्या शेवटी जे हातात पडायचं त्याची फोड करत खाली यायचं, आणि खालच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज वरच्याएवढीच भरली पाहिजे; कमी नाही, जास्तही नाही. तू उलटं केलंस. मागच्या प्रोजेक्टची यादी कॉपी केलीस आणि नावं बदललीस. (नाही म्हणू नकोस. १४३व्या ओळीत जुन्या क्लायंटचं नाव राहिलंय. सोमवारच्या आधी काढ.)

मी हे एवढं ताणून सांगते, कारण मी स्वतः यात पोळलेय. ११ महिन्यांचा प्रोजेक्ट होता. एका मोठ्या संस्थेच्या वीस वर्षांच्या नोंदी जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये आणायच्या होत्या. माझ्या प्लॅनमध्ये एक ओळ होती: डेटा मायग्रेशन, ५ दिवस. पाचच का? तारखेच्या आत तेवढीच जागा उरली होती म्हणून. कुणी माझा हात धरून तो आकडा लिहून घेतला नव्हता. मीच लिहिला. नोंदी उघडल्या तेव्हा तारखा तीन पद्धतींनी लिहिलेल्या निघाल्या, एकेका माणसाचे दोन-दोन क्रमांक निघाले, आणि शेकडो ठिकाणी पत्त्याच्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’. वर कधीकाळी काय होतं, ते आता कुणाला ठाऊक? पाच दिवसांचे चार महिने झाले.

त्या चार महिन्यांत दर आठवड्याच्या स्टेटस मीटिंगमध्ये मी ‘९० टक्के झालं’ असं सांगत होते. खोटं बोलत नव्हते. स्क्रीन तयार होत्या, रिपोर्ट निघत होते. पण ९० टक्के कशाचे, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. म्हणून तुला सांगते, टक्के लिहूच नकोस. ओळ लहान कर, दोन-चार दिवसांची, आणि तिच्यापुढे एक तर शून्य लिही नाही तर शंभर. मधलं सगळं मनाचं समाधान असतं. मग कुणी ‘झालं’ म्हणालं की त्या ओळीचं वाक्य समोर धरायचं आणि म्हणायचं, दाखव.

हे फक्त माझ्यासारख्यांच्या हातून होतं असं समजू नकोस. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्यविमा निवडण्याची सरकारी साइट सुरू झाली. पहिल्या दिवशी ६ जणांची नोंदणी शेवटपर्यंत पोचली. सहा! सगळे तुकडे जोडून या टोकापासून त्या टोकापर्यंतची चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांवर आली होती, असं कंत्राटदारांनीच नंतर अमेरिकी काँग्रेसपुढे सांगितलं. पैसा, माणसं, कसली कमी होती? प्रत्येकाचा तुकडा त्याच्यापुरता झालेला होता. पूर्ण झाल्याचं वाक्य कुणा एकाच्या टेबलावर नव्हतं.

आता अंदाजांबद्दल. प्रत्येक ओळीपुढे तू एकच आकडा लिहिलायस, आणि तोही तूच. ज्याला ते काम करायचंय त्याला विचार, आणि एक नाही, तीन आकडे विचार: सगळं सुरळीत गेलं तर किती, बहुधा किती, सगळंच बिघडलं तर किती. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी पर्ट नावाची पद्धत निघाली, तिचं गणित तू परीक्षेत सोडवलं असशील. मधला आकडा चारदा धरायचा, दोन्ही टोकं एकेकदा, आणि बेरजेला सहाने भागायचं. डेटा मायग्रेशनला ६, १० आणि ३२ दिवस असं उत्तर आलं, तर ७८ भागिले ६, म्हणजे १३. तू १० लिहिले असतेस. पण मला त्या १३ पेक्षा ३२ मध्ये जास्त रस आहे. ‘३२ का म्हणतोस?’ असं विचारलं की माणूस मनातली भीती बोलून दाखवतो. त्या भीत्या उचलून रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे धोक्यांच्या यादीत, टाक. नाहीतर तुमच्या रजिस्टरमध्ये ‘रिसोर्स उपलब्ध नसणे’ यापलीकडे काही नसतं.

आणखी एक कर. याआधी असे प्रोजेक्ट ज्यांनी केले त्यांना किती दिवस लागले ते विचार. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर बेतलेली गोष्ट सांगितली आहे. त्यांचा गट शाळांसाठी एक अभ्यासक्रम लिहीत होता. प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहिला, दीड ते अडीच वर्षं. मग त्यांच्यातल्याच एका जाणकाराला विचारलं, असे दुसरे गट तू पाहिलेस, त्यांचं काय झालं? तो म्हणाला, सुमारे ४० टक्के गटांनी काम अर्धवट सोडलं, बाकीच्यांना सात ते दहा वर्षं लागली. हे ठाऊक असूनही त्याने स्वतःच्या कागदावर इतरांसारखाच आकडा लिहिला होता. कानेमन यांच्या गटाला शेवटी ८ वर्षं लागली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझे पाच दिवस आठवले.

तारीख वरून आलीय, ती हलणार नाही, असं तू दोनदा लिहिलंस. नसेल हलत. मग वाक्य लहान कर. सगळ्या गोदामांऐवजी एक गोदाम, सगळ्या रिपोर्टांऐवजी दोन. पण ते क्लायंटसमोर बसून लहान कर आणि काय वगळलं तेही लिहून त्याची सही घे. तारीख तीच, वाक्य तेच आणि ‘रात्री जागून करू’, हा प्लॅन नव्हे. शेवटच्या महिन्यात तुला आणखी तीन माणसं देऊ करतील, तेव्हाही सावध राहा. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. सहा माणसांत बोलण्याच्या जोड्या १५ होतात, नऊ झाली की ३६. नव्यांना शिकवणार कोण? जे आधीच दमलेत तेच.

क्रिटिकल पाथ, म्हणजे जिच्यावर शेवटची तारीख ठरते ती कामांची सगळ्यांत लांब साखळी, काढलायस, पण सॉफ्टवेअरने रंगवला म्हणून तसाच ठेवलायस. तुझ्या प्रोजेक्टमधली खरी लांब साखळी कोडिंगमधून जातच नाही. ती स्कॅनरची खरेदी, क्लायंटची मंजुरी आणि साठ्याची मोजणी यातून जाणार आहे. म्हणजे रोज डेव्हलपरच्या मागे उभं राहून उपयोग नाही. ज्याची सही लागते त्याच्या केबिनबाहेर उभा राहा.

वॉटरफॉलचं राहिलंच. सॉफ्टवेअरतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखातली पायऱ्यांची आकृती सगळे दाखवतात. त्याच लेखात त्यांनी लिहिलंय की हे असंच राबवलं तर धोक्याचं आहे, कारण चाचणी शेवटी येते. तो भाग कुणी वाचत नाही. आणि तुझ्या मॅनेजरला सांग, स्क्रममध्येही ‘डेफिनिशन ऑफ डन’, म्हणजे ‘झालं’ची व्याख्या, लागतेच. अजाइल म्हणजे प्लॅन नाही, असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा ‘मला प्रश्न विचारू नका’ असं म्हणायचं असतं. जाऊ दे. तुला त्याच्याच हाताखाली काम करायचंय.

तुला कुणीतरी सांगितलं असेल की मला एका प्रोजेक्टवरून काढलं होतं. खरं आहे. ‘झालं’ म्हणजे काय, ते लिहून मिळाल्याशिवाय गो-लाइव्हवर सही करणार नाही, असं मी म्हणाले. हटवादी ठरले, दुसऱ्या माणसाने सही केली. सहा महिन्यांनी कळलं की तिथली माणसं जुन्या आणि नव्या, दोन्ही सिस्टीमवर नोंदी करताहेत. मला बरं वाटलं. लपवत नाही, बरं वाटलं. आजही कुणी विषय काढला की मी बरोबर होते हेच सांगते, आणि होतेच. फक्त त्या दुप्पट नोंदी करणाऱ्यांना माझ्या बरोबर असण्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ‘झालं’ म्हणजे काय, हा प्रश्न मी शेवटच्या आठवड्यात विचारला. पहिल्या आठवड्यात मीही चार्टचे रंग ठरवत बसले होते.

तुझा पहिलाच आठवडा चालू आहे. क्लायंटला सोमवारी चार्ट दे. मागितलाय तर द्यायलाच हवा. पण त्याच्या वर एक पान लाव. पाच वाक्यं, प्रत्येकाचं क्रियापद असं की ते घडताना डोळ्यांनी दिसेल. ‘सुधारणा होईल’, ‘सुलभ होईल’ असली वाक्यं मला चालणार नाहीत. गोदामातल्या एका माणसाला ती वाचून दाखव. साहेबाला नाही, रोज माल उतरवून घेणाऱ्याला. तो ज्यावर हसेल किंवा ज्याला ‘असं नसतं हो’ म्हणेल, ते लिहून घे.

रविवारी संध्याकाळी फोन कर. त्याआधी ती पाच वाक्यं पाठव, नुसत्या मेलमध्ये. चार्ट जोडू नकोस, उघडणार नाही.

तुझी,
मॅडम

ता. क. १४३वी ओळ विसरू नकोस.