घरी पोचायला आठ वाजतात, मग मुलांना माया जाणवणार कशी?

तुम्ही विचारलंय की आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी यायला आठ वाजतात, तर रोजच्या छोट्या गोष्टींतून मुलांना आपलं प्रेम कसं जाणवू द्यायचं. मी ऐरोलीत राहते, नोकरी दादरला. संध्याकाळी ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरवर ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते आणि सव्वाआठला घरात. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

दोन वर्षांपूर्वी लेकीची जिवलग मैत्रीण खारघरला राहायला गेली. ही आठवडाभर आजीच्या कुशीत रडत होती आणि मला ते सासूबाईंकडून कळलं. "मला का नाही सांगितलंस?" असं विचारलं, तर म्हणाली, "तू आलीस की फोनवर असतेस." खरंच होतं. ऑफिसचे मेसेज वाचत मी दार उघडायचे, चपला काढतानाही नजर खाली.

तेव्हापासून फोन चपलांच्या कपाटावर ठेवूनच मी आत जाते. आधी दोघांच्या तोंडाकडे बघते. अभ्यास झाला का, डबा संपवला का, हे त्या वेळी विचारायचं नाही. पाच-सात मिनिटं फक्त त्यांची. कुकर त्यानंतर.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई बाळाशी खेळता खेळता एकदम चेहरा निर्विकार करते आणि दोनेक मिनिटं तशीच समोर बसते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडतं. आई समोरच आहे, तरी बाळासाठी ती तिथे नाही. हे वाचलं तेव्हा मला आमचं दार आठवलं.

पण मोठ्या मुलांच्या बाबतीत एक उलटी गोष्टही मी शिकले. मनातलं अवघड काही सांगायचं असतं तेव्हा त्यांना आपली नजर नको असते. लेक सगळं बोलते ती सकाळी वेणी घालताना, पाठमोरी बसून. कुणी चिडवलं, कुणाशी कट्टी झाली, बाईंनी काय म्हटलं, सगळं. म्हणून केस कापून टाकायचा विषय मी घरात काढत नाही. ती दहा मिनिटं मला हवी आहेत. मुलगा बाबांच्या स्कूटरवर मागे बसून बोलतो. तुमच्याकडे अशी जागा कुठली आहे ते शोधा. कपड्यांच्या घड्या घालताना, मटार सोलताना, कुठेही असेल.

दुसरं म्हणजे 'बघू'. आपण 'बघू' म्हणतो ते बहुतेक वेळा 'नाही'च असतं, आणि मुलांना ते लवकर कळतं. आमच्याकडे आता एक तर स्पष्ट नाही, नाहीतर वार ठरवून हो. मुलाने विचारलं होतं, फ्लेमिंगो गुलाबी का असतात? मी म्हटलं, रविवारी खाडीवर जाऊ, तिथेच सांगते. त्या रविवारी मला झोपावंसं वाटत होतं, तरी गेलो. चिखलात चोच घालून चरणारे पक्षी दाखवून सांगितलं की त्यांच्या खाण्यातल्या शेवाळातून तो रंग येतो, पिल्लं जन्मतात तेव्हा राखाडीच असतात. त्याला रंगाचं किती कळलं ठाऊक नाही, पण "आई, तू म्हणाली होतीस तशी आलीस," हे तो घरी येईपर्यंत तीनदा म्हणाला.

डब्यात कधी गूळ-तुपाचा पोळीचा लाडू, निजताना पाठीवर हात, हे तुम्ही करत असालच. त्यावर जास्त लिहीत नाही.

चिडचिड मात्र होते. माझीही होते, विशेषतः गाड्या उशिरा असल्या की. ट्रॉनिक यांच्याच पुढच्या कामातून दिसलं की चांगल्या नात्यातही आई आणि बाळाचे सूर वारंवार चुकतात. ते पुन्हा जुळवले जातात की नाही, हे महत्त्वाचं. म्हणून ओरडले तर निजायच्या आत जाऊन सांगते, "मी दमले होते, पण ओरडायला नको होतं. माझं चुकलं." त्यापुढे 'पण तूही' जोडायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण आमच्या लहानपणी मोठ्यांनी लहानांची माफी मागायची पद्धत नव्हती.

आणि एवढं करून मुलं लगेच बोलायला लागतील असं धरू नका. फोन कपाटावर ठेवायला लागले तेव्हा दोन आठवडे लेक जागची हललीसुद्धा नाही. टीव्हीसमोरून "हं, आलीस" एवढंच. तिसऱ्या आठवड्यात एकदा दारापर्यंत आली, ती कंपासपेटीचं झाकण निखळलं म्हणून दाखवायला. मी तशीच पर्स खांद्याला अडकवून खाली बसले आणि दोघींनी मिळून ते झाकण बसवलं.