मोठी कॉइल घेण्याआधी

मेटल डिटेक्टरसाठी थेट १५ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची खालची तबकडी) घ्यायचा विचार करताय, तर जरा थांबा. मोठ्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र खोल जातं हे खरं, पण ते पसरतंही. त्यामुळे पुरलेला हंडा खोलवरून कळेल, पण बारीक बाळी किंवा साखळी वरच्या थरात असूनही हुकेल. शिवाय व्यास दुप्पट केला म्हणजे खोली दुप्पट होत नाही. नाण्याएवढ्या वस्तूसाठी तर फरक दोनचार बोटांचाच पडतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. लोहयुक्त मातीत मोठी कॉइल एका वेळी जास्त माती 'ऐकते', म्हणून मशीन उगाच किरकिरतं. मग आपण सेन्सिटिव्हिटी (मशीन किती क्षीण संकेत पकडेल ते) कमी करतो आणि मिळवलेली खोली तिथेच घालवतो! खिळे, बाटल्यांची झाकणं विखुरलेली असतील तिथे ५-६ इंचीच लावा. दोन वस्तू शेजारी असल्या तरी ती वेगळ्या दाखवते.

सुरुवातीला मशीनसोबत आलेली ९ ते ११ इंचीच वापरा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढू द्या, कॉइल जमिनीलगत ठेवा. नवखे ती वर उचलून झुलवतात, आणि खोली खरी तिथे जाते. मोठ्या कॉइलने मनगट दुखतं, ते वेगळंच.