इसब असताना थंडीचे कपडे

बेळगाव-खानापूरकडे पहाट बोचरी, पण दुपारी ऊन तापतं. म्हणून एकच जाड स्वेटर घेऊ नका. आत सैल, पूर्ण बाह्यांचा सुती बनियन, वर सुती शर्ट, मग स्वेटर. लोकर कातडीला घासली की खाज सुटते, विशेषतः गळ्याला आणि मनगटांना. घामानेही तेच होतं, तेव्हा उकडायला लागताच वरचा थर काढा. लेबल उसवून टाका. बनियन उलटा घातला तर शिवण टोचत नाही. नवा कपडा धुऊनच वापरा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा.

आणि एवढं नक्की पाळा: मलम लावून शेकोटीजवळ किंवा चुलीपाशी बसू नका. व्हॅसलिनसारखं मलम कापडात मुरलं की कापड झटकन पेटतं, आणि मलम धुऊनही पूर्ण निघत नाही.